माथेरानच्या गाडीचे जुने डबे कुठे गेले?

१९६४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नेरळहून माथेरानला निघालेल्या छोट्या गाडीत, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, आमचे सारे बिऱ्हाड दाटीवाटीने बसले होते. आई, वडील, आत्या, दोन ट्रंका, एक वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि आम्ही चार भावंडे. वॉटर पाइप स्टेशनात इंजिन पाणी पिण्यासाठी थांबले. वडील पाय मोकळे करायला खाली उतरलेले पाहून माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, खिशातला छोटा चाकू काढला आणि खिडकीच्या लाकडी चौकटीवर आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरले. मी हट्ट धरला म्हणून शेजारी माझेही कोरले. अक्षरे फार तर तुरीच्या दाण्याएवढी. पण वडिलांची नजर तीक्ष्ण. गाडी सुटताच त्यांना ती दिसली, आणि दादाच्या पाठीत असा धपाटा बसला की समोरच्या बाकावरची पारशी बाई दचकली. "सरकारी माल आहे तो!" वडील म्हणाले. "उद्या कुणी विचारले तर काय सांगशील?"

कुणी विचारले नाही. साठ वर्षे उलटून गेली. दोन वर्षांपूर्वी दादा गेला. त्याचे कपाट आवरताना एका डबीत तो चाकू सापडला. मूठ उडालेली, पाते गंजलेले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे तुम्हीच न्या. मला त्याची काही कथा ठाऊक नाही." मी चाकू खिशात घातला आणि घरी येताना गाडीत एकच विचार मनात घोळू लागला : तो डबा कुठे असेल?

प्रश्न वेडगळ आहे, हे मला तेव्हाही कळत होते. पण वाचकहो, वेडगळ प्रश्नाच्या मागे लागले म्हणजे कधी कधी शहाणपणाच्या प्रश्नापेक्षा जास्त मुलूख पाहायला मिळतो. माझे तसेच झाले.

सोळा लाखांची हौस

प्रथम त्या गाडीविषयी दोन शब्द. माथेरानचा डोंगर ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० च्या मे महिन्यात हेरला, हे शाळेतल्या पुस्तकापासून सर्वांना ठाऊक आहे. मात्र वर जायचे तर घोडा, डोली किंवा स्वतःचे पाय, एवढेच मार्ग पुढची पन्नास वर्षे होते. मुंबईचे धनाढ्य उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी या डोंगरावर आगगाडी नेण्याचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले, सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाला आणि १९०७ च्या मार्च महिन्यात गाडी धावू लागली. सोळा लाख! त्या काळी एवढ्या पैशांत गावे विकत मिळत. आणि हा सारा खटाटोप माल वाहण्यासाठी नव्हे, सैन्य हलविण्यासाठी नव्हे, तर माणसांनी थंड हवेत चार दिवस मजेत घालवावेत म्हणून!

रुळांची रुंदी अवघी दोन फूट. लांबी सुमारे एकवीस किलोमीटर. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर, तर माथेरान आठशे मीटरच्या घरात. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा चढ. वळणांची तर गणतीच नको. गाडी आपल्याच शेपटीकडे पाहत जाते, असे आम्ही मुले म्हणत असू. वाटेत एकच बोगदा, तोही एवढासा की त्याचे नाव 'वन किस टनेल' पडले. आत्याने त्या नावाचा अर्थ विचारला तेव्हा वडिलांनी खिडकीबाहेर पाहत "इंग्रजी नाव आहे" एवढेच उत्तर दिल्याचे आठवते.

या मार्गाचे सल्लागार अभियंता एव्हरर्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी उभी केली तेच हे गृहस्थ. इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची. एकूण चार, क्रमांक ७३८ ते ७४१. प्रत्येकाला सहा चाके, पण टोकांच्या चाकांचे आस वळणावर किंचित बाजूला सरकतील अशी खुबी त्यांत होती. नाहीतर त्या वळणांवरून सहा चाकांचे धूड वळलेच नसते.

इंजिनांची कुंडली

डब्याचा शोध घ्यायचा तर इंजिनांपासून सुरुवात करावी, असे ठरविले. आणि आश्चर्य असे की इंजिनांचा पत्ता घरबसल्या लागला. डिझेलची इंजिने या मार्गावर १९५० नंतरच्या दशकातच आली होती. वाफेची इंजिने त्यांच्या जोडीने धावत राहिली आणि १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत निवृत्त झाली. निवृत्त झाली, पण निराधार झाली नाहीत. ७३८ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ७४० क्रमांकाचे तर साता समुद्रापलीकडे गेले. इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड नावाचे गाव आहे, तेथील हौशी लोकांच्या छोट्या रेल्वेवर ते पोचले, आणि तेथे त्याला नावही दिले आहे 'माथेरान'. नेरळला उतरणाऱ्या प्रवाशालाही एक जुने इंजिन चौथऱ्यावर उभे दिसते. लहान मुले त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेतात.

म्हणजे पाहा, इंजिनाचा जन्म कुठे झाला, त्याचा नंबर काय, ते कधी थांबले आणि आज कुठे विसावले आहे, हे सारे नोंदलेले आहे. एखाद्या घराण्याची वंशावळ असावी तसे. मग मी उत्साहाने डब्यांकडे वळलो. ज्याला विचारावे तो इंजिनाविषयी बोलू लागे. "डबे?" असे विचारले की समोरचा माणूस थबके आणि म्हणे, "डबे काय, बदलत गेले."

बदलत गेले! या दोन शब्दांत शेकडो बाके, हजारो खिडक्या आणि लाखो प्रवाशांचे मे महिने गडप झाले.

डब्याचे मरण कसे असते

रेल्वेत डब्यालाही आयुष्य ठरवून दिलेले असते. पोलादी सांगाड्याच्या साध्या प्रवासी डब्याची सेवा साधारण पंचवीस वर्षांची धरली जाई. ठराविक काळाने तो कारखान्यात जातो, उघडला जातो, सांधला जातो, रंगविला जातो आणि परत येतो. एक दिवस मात्र तपासणारा कारकून त्याच्या अंगावर खडूने वा रंगाने खूण करतो. त्यानंतर तो डबा म्हणजे नुसता माल. चाके, धुरे, स्प्रिंगा, बफर, जे दुसऱ्या डब्याला उपयोगी पडेल ते आधी काढून घेतात. उरलेले कलेवर लिलावात जाते. घेणारा ठेकेदार गॅसच्या ज्योतीने त्याचे तुकडे करतो, लोखंड वेगळे, लाकूड वेगळे, आणि ट्रक भरून निघून जातो.

मोठ्या गाडीच्या डब्यांना निवृत्तीनंतर निदान दुसरी नोकरी तरी मिळते. जुन्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या बंद करून, टोकाला रुंद दार पाडून, त्यांतून नव्या मोटारगाड्या वाहून नेतात. काही डबे रूळ दुरुस्त करणाऱ्या माणसांची फिरती घरे होतात. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा देशभर पाच हजारांहून अधिक जुन्या डब्यांत रुग्णांसाठी खाटा मांडल्या होत्या. आणि २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात एका जुन्या डब्यात चक्क उपाहारगृह सुरू झाले. लोक टॅक्सी करून तेथे जेवायला जातात आणि गाडी सुटत नाही म्हणून खूश होतात!

पण माथेरानचा डबा अभागी. त्याचे रूळ दोन फुटी. बार्शीची गाडी होती ती अडीच फुटी. सिमल्याची अडीच फुटी. विदर्भातली 'शकुंतला' अडीच फुटी. दोन फुटी रुळांचे सगेसोयरे म्हणजे दूर दार्जिलिंगची गाडी. तेव्हा नेरळचा डबा म्हातारा झाला की त्याला दुसऱ्या मार्गावर हलकी चाकरी देऊन पाठविण्याची सोय जवळपास नाहीच. आजारी पडला तरी त्याला स्वतःच्या चाकांवर दवाखान्यात जाता येत नाही. या डब्यांची मोठी दुरुस्ती सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डूवाडीच्या कारखान्यात होत आली. तेथे जायचे ते दुसऱ्याच्या पाठीवर बसून. त्यातही एक योगायोग आहे. कुर्डूवाडीचा कारखाना मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, म्हणजे त्याच कॅलथ्रॉपसाहेबांच्या गाडीचा. नेरळचा डबा आजारी पडला की थोरल्या भावाच्या घरी जाऊन औषधपाणी करून घेत असे, म्हणा ना!

नेरळचे मामा

हे सारे वाचून, विचारून झाल्यावर एका सोमवारी मी नेरळला गेलो. छोट्या गाडीच्या फलाटावर एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, पायांत जुन्या वहाणा. गाडी यार्डातून पुढे-मागे होत होती, आणि ती थांबण्याच्या क्षणाआधी यांचा उजवा हात आपोआप मांडीवर वळत होता, जणू काही तरी फिरवतो आहे. मी ओळखले.

"मामा, गाडीवर होतात का?"

"होतो की. ब्रेकवर," ते म्हणाले. "तुम्ही कसे ओळखले, साहेब?"

मी हाताकडे बोट दाखविले. ते हसले. मग आमच्या गप्पा जमल्या.

तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. या गाडीच्या डब्यांना पूर्वी इंजिनातून लागणारा ब्रेक नव्हता. दोन डब्यांच्या सांध्यापाशी, उघड्यावर, एकेक माणूस उभा असे. इंजिनाची शिटी झाली की तिच्या खुणेप्रमाणे त्याने हाताने ब्रेक आवळायचा किंवा सैल सोडायचा. पावसात, उन्हात, धुक्यात. सगळ्यांचे हात एका तालात चालले पाहिजेत. एकाने कमी आवळला तर त्याचा डबा पुढच्यावर रेटतो, एकाने जास्त आवळला तर चाके घसपटतात.

"लोक म्हणतात इंजिनाने गाडी माथेरानला नेली," मामा म्हणाले. "वर नेली, कबूल. पण खाली कोणी आणली? चढताना डबा ओढायचा इंजिनाने, अन् उतरताना आवरायचा आम्ही. वरून खाली येताना तेवढी माणसे आमच्या या दोन हातांवर असायची, साहेब. बायका, पोरे, सगळी."

मी त्यांना माझी कथा सांगितली. चाकू दाखविला. नातवाने तो हातात घेऊन पाहिला आणि आजोबांनी लगेच काढून घेतला.

"ते लाकडी डबे ना? पट्ट्यापट्ट्यांच्या बाकांचे?"

"तेच. कुठे गेले हो?"

"कुठे जाणार? माणूस जातो तिथेच," मामा शांतपणे म्हणाले. "डबा मोडीत काढला की आडबाजूला उभा करायचे. दोन पावसाळे इथले उघड्यावर काढले की लाकूड काय राहते? आधी काचा जातात. मग कड्या, आकडे. मग फळ्या. खालचा सांगाडा चांगला असेल तर त्याच्यावर रूळ, खडी, सामान वाहायचे. अहो, तुमचा डबा कदाचित तुमच्याच रुळाखाली खडी टाकत फिरला असेल कैक वर्षे!"

ही कल्पना मला एकदम आवडली.

"नंबर आठवतो का एखाद्या डब्याचा?"

मामांनी बराच वेळ विचार केला. "नंबर नाय आठवत. इंजिनाचे विचारा, झोपेत सांगेन. डब्याचा नंबर कोण बघतो? पण हाताला ओळख असायची. एकाचा दांडा कडक, एकाचा ढिला. अंधारात हात लावला तरी कळायचे, आज कोणाबरोबर ड्यूटी आहे ते."

थोडे थांबून ते म्हणाले, "इंजिनाला दसऱ्याला हार घालायचे. डब्याला पण घालायचे म्हणा, पण दारात बांधायचे, लहानसा. पेढा इंजिनापाशी."

२०१६ च्या मे महिन्यात एका आठवड्याच्या आत दोनदा या गाडीचे डबे रुळांवरून घसरले आणि वाहतूक बंद झाली. त्यानंतर हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसविण्यात आले. २०१७ च्या ऑक्टोबरअखेर अमन लॉज ते माथेरान आणि २०१८ च्या प्रजासत्ताकदिनी नेरळपासून गाडी पुन्हा सुरू झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे झाले ते उत्तमच झाले, मामांचेही तेच म्हणणे. मात्र सांध्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची विद्या त्या दिवशी जुन्या डब्यांच्या वाटेने गेली.

राजाचा डबा आणि रयतेचा डबा

परतीच्या वाटेवर एक दिवस कर्जतला उतरलो. घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून जोडली जाणारी इंजिने तेथे उभी असतात, वडापावची लगबग असते. याच फलाटावर लहानपणी आम्ही 'डेक्कन क्वीन' पाहत उभे राहत असू. तीही मूळची मौजेचीच गाडी. १ जून १९३० रोजी सुरू झाली, ती शनिवार-रविवारी मुंबईकरांना पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना नेण्यासाठी. तेव्हा तिचे सात सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर किरमिजी पट्ट्या, दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे विलायतेहून आलेले, वरचे काम माटुंग्याच्या कारखान्यातले. १९५५ पर्यंत तिच्यात तिसरा वर्गच नव्हता. १९६६ साली ते जुने डबे जाऊन पेरांबूरच्या कारखान्यात बनलेले पोलादी डबे आले. तेही १९९५ साली बदलले आणि २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा नवे आले. गाडीचा वाढदिवस दरवर्षी केक कापून साजरा होतो, पण तो गाडीच्या नावाचा. डब्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या निमूट निघून गेल्या.

दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात डबे नाहीत असे नाही. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्ससाठी बांधलेला डबा तेथे आहे. म्हैसूरच्या महाराजांचा शाही डबा आहे. त्यांच्या गाद्या, आरसे, नक्षी, सारे जपले आहे आणि ते योग्यच आहे. पण राजाचा डबा वर्षातून दहा दिवस चालला असेल. ज्याने रोज शेकडो माणसे वाहिली, त्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला चौथरा कुणी बांधावा? कुर्डूवाडीहून पंढरपूरला आषाढीसाठी जाणाऱ्या वारकऱ्यांना ज्या डब्यांनी वाहिले, ते रूळ रुंद झाले तेव्हा कुठे गेले? त्या डब्यांत म्हटले गेलेले अभंग लोकांच्या ओठी आहेत. बाके मात्र नाहीत.

मुंबईच्या ट्रामचेही तेच. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसे जमली होती, म्हणतात. त्यानंतर गाड्या मोडीत निघाल्या. पुढे आपल्या नातवंडांना ट्राम दाखवावी असे वाटू लागले, तेव्हा बेस्टला जुनी ट्राम कलकत्त्याहून आणावी लागली! बोरीबंदरासमोर आता जी दिसते ती ही पाहुणी. स्वतःच्या घरातली आजी घालवून शेजारच्या गावची आजी आणून बसविण्यासारखाच हा प्रकार.

इंग्रजांच्या बागेतला डबा

असे सगळीकडेच होते काय? नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात लिंटन ते बार्नस्टेपल अशी एक छोटी गाडी होती. रुळांची रुंदी दोन फुटांना अर्धा इंच कमी, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीची मावसबहीणच. तीही डोंगरातून प्रवासी नेणारी. १९३५ च्या सप्टेंबरात ती बंद पडली आणि डबे लिलावात गेले. गावकऱ्यांनी ते स्वस्तात घेतले. कुणी बागेत ठेवून चहा पिण्याची खोली केली, कुणी कोंबड्या ठेवल्या, कुणी अवजारे. एक डबा एका पाद्रीबाबांच्या बागेत जाऊन बसला. तो पुढे राष्ट्रीय संग्रहालयात गेला. बाकीचे कुजके सांगाडे काही वेड्या लोकांनी बागाबागांतून हुडकून काढले, वर्षानुवर्षे खपून दुरुस्त केले, आणि २०१३ साली त्यांतले काही पुन्हा त्याच मार्गावरच्या रुळांवर माणसे घेऊन धावले.

अठ्ठ्याहत्तर वर्षांनी! हे कशाने शक्य झाले? पैशाने झालेच, पण त्याआधी एका साध्या गोष्टीने झाले. कुठला नंबर कुणाच्या बागेत गेला, हे कुणी तरी वहीत लिहून ठेवले होते, कुणी फोटो काढले होते.

आपल्याकडे काय झाले असेल? मी चोरबाजारात हिंडलो. आगगाडीतले जुने कंदील, पितळी आकडे, खुंट्या तेथे टांगलेल्या दिसल्या. "कुठल्या गाडीचे?" विचारले तर दुकानदार म्हणतो, "तुम्हाला कुठल्या गाडीचे हवे?" कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात आता शेतघरांचे पीक आले आहे. त्यांच्या व्हरांड्यांत जुन्या सागवानी फळ्यांची बाके हौसेने मांडलेली असतात. आणि लोखंडाचे म्हणाल, तर खोपोलीच्या बाजूला पोलादाचे कारखाने आहेत. भंगार वितळवून नवे पोलाद करणे हा पोलादाच्या धंद्याचा नित्याचा भाग. खोपोलीच्या स्टेशनात बसून मला वाटले, याच गावापर्यंत १८५६ साली आगगाडी आली आणि घाटापुढे अडली. लोक येथे उतरून डोलीत, घोड्यावर बसून खंडाळ्याला चढत आणि पुढची गाडी धरत. १८६३ साली बोरघाट खुला झाला आणि खोपोली आडबाजूला पडली, फाट्यावरचे स्टेशन होऊन राहिली. गावाचीही कधी कधी साइडिंगला लागलेल्या डब्यासारखी गत होते. पण खोपोली नवे काम शोधून जगली. आमच्या डब्याचे लोखंडही एखाद्या घराच्या छतात सळई होऊन कुणावर सावली धरीत असेल, तर माझी तक्रार नाही.

पुन्हा वॉटर पाइप

२००५ च्या २६ जुलैच्या पावसाने या मार्गाची दाणादाण उडविली होती. शंभरी भरता भरता, २००७ च्या मार्चमध्ये, गाडी पुन्हा उभी राहिली. २०१९ च्या पावसात मार्ग परत वाहून गेला, तो २०२२ च्या ऑक्टोबरात दुरुस्त झाला. दर वेळी लोकांनी विचारले, "गाडी कधी सुरू होणार?" एवढ्या संकटांतून ही गाडी तगली याचे कारण लोकांचे तिच्यावर प्रेम आहे. म्हणूनच सुचवावेसे वाटते : आज जे डबे धावत आहेत, त्यांतला निदान एक, साधासुधा, दुसऱ्या वर्गाचा, त्याची पाळी येईल तेव्हा मोडू नये. जुन्या इंजिनामागे त्याला उभा करावा. त्याच्या सांध्यापाशी हाताचा ब्रेक बसवून शेजारी दोन ओळी लिहाव्यात, येथे माणूस उभा राहत असे. खर्च फार नाही. सोळा लाखांची तर गोष्टच नको.

आणि दुसरे काम तुमचे-आमचे. दिवाळीला घरातले जुने सामान निघते. माथेरानला गेलेल्या आजी-आजोबांचे फोटो पेटीत असतील. गाडीपुढे उभे राहून काढलेला फोटो हा तर प्रत्येक घरात असायचाच. त्यात माणसांच्या मागे डबा दिसेल. त्यावरचा नंबर दिसत असेल तर फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. साल आठवत असेल तर तेही.

शेवटी एकदा मी वर जाऊन आलो. डबा नवा, बाके नवी, खिडक्या मोठ्या. वॉटर पाइपला गाडी थांबली. पाणी पिण्यासाठी नव्हे, इंजिनाला आता पाणी लागत नाही. नाव तेवढे राहिले आहे. समोरच्या बाकावर दोन मुले होती, दहा-बारा वर्षांचा एक आणि सहा-सात वर्षांचा दुसरा. थोरला खिडकीच्या कडेवर नखाने काही तरी ओढत होता. धाकटा वाकून पाहत होता. त्यांची आई ओरडली, "अरे, काय करतोस? ती गाडी काय आपली आहे?"

माझ्या खिशात चाकू होता. मी तो बाहेर काढला नाही. वही काढली, खाली उतरलो, डब्याच्या अंगावरचा नंबर चष्मा लावून नीट वाचला, आणि तारखेसह लिहून घेतला. गार्डाने शिटी दिली तेव्हा त्या धाकट्याने मला विचारले, "आजोबा, तुम्ही काय लिहिले?"

मी वही त्याच्या हातात दिली. त्याने नंबर मोठ्याने वाचला आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर तो पाठ म्हणत राहिला.